फरगेट: विसरलो, राहून गेलं की आत्ता आठवत नाहीये?

मास्तरीणबाई

तालुक्याच्या गावी संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी इंग्रजी बोलायचा वर्ग घेते. मेडिकलमध्ये कामाला असलेली मुलं, अंगणवाडी सेविका, बँकेत कॅशवर बसणाऱ्या एक ताई, ट्रॅक्टरचं शोरूम सांभाळणारा एक दादा, असे सगळे येतात. शाळेत सगळ्यांनी फरगेट फरगॉट फरगॉटन घडाघडा पाठ केलेलं असतं, अर्थ विचारला तर एका सुरात ‘विसरणे’ म्हणतात, आणि तरी वाक्य बोलायची वेळ आली की या एवढ्याशा शब्दापाशी हमखास अडतात, म्हणून म्हटलं यावर धागा काढूया, इथे जाणकार बरेच आहेत.

माझ्या मते गोम अशी आहे की इंग्रजीतलं फरगेट फक्त डोक्यात घडतं. आपलं विसरणं डोक्यातही घडतं आणि बसच्या सीटवरही घडतं. आपण म्हणतो ‘मी छत्री बसमध्ये विसरले’, यात छत्री मनातून गेली हेही आलं आणि आत्ता ती कुठे पडलीय हेही आलं. इंग्रजीत ही दोन कामं दोन क्रियापदं करतात. नुसतं ‘आय फरगॉट माय अंब्रेला’ चालतं, पण जागा सांगायची झाली की ‘आय लेफ्ट माय अंब्रेला इन द बस’. विमानात उतरताना जी घोषणा करतात ती नीट ऐका, सामान मागे ‘लीव्ह’ करू नका असंच सांगतात, फरगेट क्वचितच येतं.

दुसरी अडचण म्हणजे पुढे टू लावायचं की आयएनजी. पुस्तकात त्याचा नियम देतात आणि तो कुणाच्याच लक्षात राहत नाही. मी वर्गात नियम सांगणंच बंद केलंय. मराठीत हा भेद आपल्याकडे मुळातच आहे हो! ‘दार लावायला विसरले’ म्हणजे दार उघडंच राहिलं. ‘दार लावल्याचं विसरले’ म्हणजे दार लावलेलं आहे, आपल्यालाच त्याची आठवण नाही. लावायला असेल तिथे टू लॉक, लावल्याचं असेल तिथे लॉकिंग. हे सांगितल्यावर अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, मग हे आम्हाला येतच होतं की.

तुम्ही हा शब्द कसा शिकलात, कुठे अडलात, लिहा. वर्गात सांगेन.

कृष्णाकाठ

मास्तरीणबाई, धागा आवडला, लावायला आणि लावल्याचं हे तर लिहूनच ठेवतो, मुलीला उपयोगी पडेल. पण एक शंका. अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर रोज कॉल असतात आणि तिथली माणसं सर्रास ‘आय फरगॉट माय चार्जर अॅट होम’ म्हणतात, मी स्वतः ऐकतो. मग ते चूक बोलतात का?

मास्तरीणबाई

@कृष्णाकाठ, चूक म्हणवत नाही मला. बोलण्यात चालतं, विशेषतः अॅट होम तर खूपच. पण शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्या आणि परीक्षा घेणारे लोक जागेबरोबर लीव्हच वापरा म्हणतात. माझ्याकडची दोन-तीन मुलं परदेशी नर्सिंगसाठी इंग्रजीच्या परीक्षेला बसणार आहेत, त्यांना मी लेफ्टच शिकवते. रोजच्या कॉलवर तुमचं फरगॉट अॅट होम कुणाला खटकणार नाही.

शब्दवेडा

या शब्दाच्या पोटात काय आहे ते सांगायचा मोह आवरत नाही. फरगेटमधला गेट म्हणजे मिळवणं, हाती धरणं. आणि सुरुवातीचा फर म्हणजे ‘साठी’वाला फॉर नव्हे, हा वेगळाच जुना उपसर्ग आहे, दूर जाणं, गमावणं, पार टोकाला जाणं अशा छटांचा. फरबिड, फरसेक, फरलॉर्न, फरगिव्ह यांत तोच बसलाय. म्हणजे फरगेट म्हणजे हातात धरलेलं सुटणं. जर्मनमध्ये फेरगेसेन, डचमध्ये फरखेतन, सगळी एकाच घरातली भावंडं.

आणि गंमत उच्चाराची. जुन्या इंग्रजीत या शब्दातला ग हा ग नव्हताच, य सारखा होता, फोर्येतान असं काहीसं म्हणत असणार. आजचा कडक ग आला तो उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेच्या संगतीने, खुद्द गेट हा शब्दही त्यांच्याकडूनच आलेला. शेकडो वर्षं शेजारी राहिल्यावर शेजाऱ्याचा उच्चार आपल्या तोंडात बसतो, तसंच झालं. आपल्या बेळगाव-सोलापूरकडच्या मराठीला कानडीचा हेल कसा लागलाय, ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

आणखी एक, ब्रिटिश लोकांनी गेटचं जुनं गॉटन टाकून दिलं, ते गॉटच म्हणतात. अमेरिकनांनी गॉटन जपलं. पण फरगॉटन मात्र दोघांकडे शाबूत राहिलं. म्हणून ‘आय हॅव फरगॉट’ म्हणू नका, ‘आय हॅव फरगॉटन’च.

आपल्या विसरणंचं मूळ संस्कृतातल्या वि अधिक स्मृ मध्ये, विस्मरण त्याच घरातलं. तिथे हात नाही, थेट आठवणच आहे.

सांजवारा

शब्दवेडा, वा! तुमचे प्रतिसाद वाचायलाच येते मी इथे.

मास्तरीणबाईंच्या लावल्याचं वाल्या मुद्द्याला अनुमोदन, पण थोडी भर घालते. भाषांतराचं काम करते म्हणून रोज इंग्रजी वाचावं लागतं, आणि माझं निरीक्षण असं की ‘आय फरगॉट लॉकिंग द डोअर’ असं साधं होकारी वाक्य इंग्रज माणूस फारसं बोलत नाही. तो म्हणेल ‘आय फरगॉट दॅट आय हॅड लॉक्ड द डोअर’. आयएनजी येतं ते मुख्यतः नकारात, ‘आय विल नेव्हर फरगेट सीइंग द सी फॉर द फर्स्ट टाइम’, पहिल्यांदा समुद्र पाहिल्याचं कधीच विसरणार नाही. म्हणजे वर्गात सांगताना नेव्हर फरगेटची दोन-चार वाक्यं जास्त द्या आणि बाकी ठिकाणी दॅट वापरायला सांगा, मुलांचं इंग्रजी जास्त नैसर्गिक वाटेल असं मला मनापासून वाटतं.

मास्तरीणबाई

@सांजवारा, हे अगदी पटलं. उद्याच फळ्यावर नेव्हर फरगेट लिहिते. प्रत्येकाला आपापलं एक वाक्य करायला लावेन, कोण काय कधीच विसरणार नाही ते.

लेस्टरकर

इंग्लंडात राहतो, आई गेल्या काही वर्षांपासून आमच्याकडे. तिचं हळूहळू विसरणं सुरू झालं तेव्हा डॉक्टरांकडे नेलं, तिथे या शब्दाशी माझी खरी गाठ पडली म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

डॉक्टरबाईंनी विचारलं काय होतंय. मी म्हणालो ‘शी फरगॉट’. त्यांनी थांबून विचारलं, काय विसरल्या, कधी? कारण फरगॉट म्हणजे एकदा घडून गेलेली गोष्ट, आणि एकदा तर कुणीही विसरतं. मला सांगायचं होतं की ती विसरायला लागलीय, म्हणजे सवयीचं, रोजचं. त्याला हवं ‘शी फरगेट्स’, आणि वाढत चाललंय हे सांगायला ‘शी इज गेटिंग फरगेटफुल’ किंवा ‘शी हॅज स्टार्टेड फरगेटिंग थिंग्ज’. मग डॉक्टरबाईंनी फार चांगले प्रश्न विचारले, नावं विसरतात का, गॅस बंद करायला विसरतात का, की गॅस बंद केल्याचं विसरून परत परत बघायला जातात. आज मास्तरीणबाईंचा धागा वाचून ते सगळं डोळ्यांसमोर आलं, बंद करायला आणि बंद केल्याचं, डॉक्टरांसाठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीमध्ये नुकतंच केलेलं काम मनात उमटतच नाहीये.

आई-वडिलांना घेऊन परदेशात डॉक्टरकडे जाणाऱ्यांना कळकळीने सांगतो, जाण्याआधी मराठीत लिहून काढा. काय विसरतात, किती वेळा, कधीपासून, नवीन गोष्ट विसरतात की जुनीही. आणि ‘मेमरी प्रॉब्लेम’ असं मोघम म्हणण्यापेक्षा घडलेले प्रसंग सांगा. आईला विचारलं की ती म्हणते ‘मला कुठे काय होतंय’, म्हणून तिच्यासमोर आणि तिच्यामागे असं दोन्ही वेळा बोलायला मिळेल असं बघा.

इथल्या अल्झायमर्स सोसायटीचं चिन्ह निळं फरगेट-मी-नॉट फूल आहे. जर्मनमध्येही त्या फुलाला फेरगिसमाइननिख्ट म्हणतात, अर्थ तोच, मला विसरू नकोस. आई त्याला निळी चांदणी म्हणते. तेच नाव आता घरात रुळलंय.

सांजवारा

लेस्टरकर, आईंना नमस्कार सांगा. फार उपयोगी लिहिलंत, माझ्या मावशीच्या बाबतीत आम्ही ‘वयामुळे होतं’ म्हणून बराच काळ दुर्लक्ष केलं, तुमच्यासारखं कुणी आधी सांगायला हवं होतं. निळी चांदणी हे नाव किती गोड आहे.

आषाढझड

पर्यटनाची माहितीपत्रकं इंग्रजीत करतो, त्यातला अनुभव. पंढरीच्या वारीवरच्या मजकुरात कुणीतरी ‘देहभान विसरून नाचणारे वारकरी’ याचं ‘वारकरीज हू फरगेट देमसेल्व्ज’ केलं होतं. शब्दाला शब्द बरोबर, पण अर्थ पार उलटा जाऊ शकतो! इंग्रजीत ‘ही फरगॉट हिमसेल्फ’ म्हणजे बहुतेक वेळा त्याचा तोल सुटला, मोठ्यांसमोर नको ते बोलला, राग अनावर झाला. कोर्टात किंवा जेवणाच्या टेबलावर कुणी फरगॉट हिमसेल्फ झालं तर ती लाज आणणारी गोष्ट. आणि आपल्याकडे स्वतःला विसरणं ही किती वरची अवस्था आहे, कीर्तनात बुवांचा अभंग रंगला की टाळकरी स्वतःला विसरतो, गाणाऱ्याला समेवर येताना स्वतःचा विसर पडतो, आणि ऐकणारे धन्य म्हणतात. आपल्याला विसरणं हे कमी होणं वाटत नाही अशा वेळी, मोकळं होणं वाटतं. इंग्रजीत त्यासाठी ‘लॉस्ट इन द सिंगिंग’ असं लॉस्ट वापरावं, तिथे हरवणं चांगलं मानतात. मी शेवटी ‘लॉस्ट इन द डान्स अँड द चँटिंग’ असं केलं आणि ते छापलं गेलं.

एवढ्यासाठी लिहिलं की डिक्शनरीत विसरणे एवढंच सापडतं, पण कोणत्या गोष्टीचा विसर पडलेला चांगला आणि कोणत्या गोष्टीचा वाईट, हे प्रत्येक भाषा आपापलं ठरवते.

शब्दवेडा

@आषाढझड, जबरदस्त उदाहरण. यावरून मराठी व्याकरणातली एक गोष्ट आठवली. ‘त्याने पुस्तक वाचलं’ पण ‘तो पुस्तक विसरला’. त्याने विसरलं असं आपण म्हणत नाही. हिंदीतही तसंच, उसने पढ़ी पण वह भूल गया. यावरून मोठे निष्कर्ष काढायला नकोत, कारण तो शिकला, तो बोलला यांनाही ने लागत नाही आणि शिकणं बोलणं तर माणूस चांगलं मन लावून करतो. पण इंग्रजीतून मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला इथे नक्की ठेच लागते.

याच्या उलट आठवणं. तिथे ‘मला आठवतं’. आठवण आपल्याकडे येते, आपण तिच्याकडे जात नाही. स्पॅनिशमध्ये विसरण्यालाच ही रचना आहे, से मे ओल्विदो, म्हणजे ‘ते मला विसरून गेलं’ असं काहीतरी, दोष माणसाच्या अंगावर येत नाही. आपलं ‘मला विसर पडला’ त्याच्या जवळ जातं. आणि डच लोकांनी तर कमाल केलीय, गोष्ट डोक्यातून गेली असेल तर एक सहायक क्रियापद, आणि करायची किंवा आणायची राहून गेली असेल तर दुसरं. मास्तरीणबाईंच्या पहिल्या पोस्टमधला भेद त्यांच्याकडे व्याकरणातच आहे.

कृष्णाकाठ

मला रोजच्या कामातलं विचारायचंय. एक म्हणजे इंटरव्ह्यूत आमच्याकडची मुलं ‘सर आय एम फरगेटिंग द नेम’ म्हणतात, ते बरोबर आहे का? आणि दुसरं ‘फरगेट इट’, हे कधी प्रेमाने म्हणतात कधी तुसडेपणाने, ईमेलमध्ये लिहावं का?

सांजवारा

पहिल्याचं उत्तर देते. नाव आत्ता आठवत नसेल तर ‘आय फरगेट द नेम’ किंवा ‘आय हॅव फरगॉटन द नेम’. साधा वर्तमानकाळ ऐकायला विचित्र वाटतो पण ‘आय फरगेट’ म्हणजे ‘आत्ता या क्षणी आठवत नाहीये’ असाच अर्थ होतो. आपण मराठीत नाहीये लावतो म्हणून आपल्याला तिथे इंग आठवतो. ‘आय एम फरगेटिंग समथिंग’ मात्र अगदी बरोबर आहे, घरातून निघताना काहीतरी राहतंय अशी रुखरुख लागते ना, त्यासाठी. इंटरव्ह्यूत सगळ्यात सुरक्षित म्हणजे ‘आय कान्ट रिकॉल द नेम राइट नाऊ’, आणि लगेच त्या गोष्टीचं वर्णन करून पुढे जायचं.

मास्तरीणबाई

दुसऱ्याचं मी देते. ‘फरगेट इट’ कुणी सॉरी किंवा थँक्यू म्हटल्यावर आलं तर ते ‘अहो असू द्या’ आहे. पण कुणी काही समजावून मागत असताना ‘फरगेट इट’ म्हटलं तर ते ‘जाऊ दे, तुला कळणार नाही’ आहे, आणि ते झोंबतं. आवाजावरून फरक कळतो, ईमेलमध्ये आवाज नसतो, म्हणून लिहूच नका. लिखाणात ‘प्लीज इग्नोर माय अर्लियर मेल’ लिहा. ‘फरगेट अबाउट इट’ त्यापेक्षा जरा मऊ, डोक्यातून काढून टाक, काळजी करू नको, असं.

वकिलीण

कायद्यातला एक वापर सांगते. ‘राइट टू बी फरगॉटन’, विसरले जाण्याचा हक्क. स्पेनमधल्या एका माणसाच्या जुन्या कर्जापायी झालेल्या मालमत्तेच्या लिलावाची नोटीस १९९८ साली वर्तमानपत्रात आली होती. कर्ज कधीच फिटलं, पण त्याचं नाव गूगलवर टाकलं की वर्षानुवर्षं ती नोटीसच वर यायची. २०१४ साली युरोपियन युनियनच्या कोर्टाने निकाल दिला की सर्च इंजिनला असे दुवे शोधाच्या यादीतून काढायला लावता येतं. मूळ वर्तमानपत्रातला मजकूर तसाच राहिला, बरं का. पुढे २०१८ पासून लागू झालेल्या त्यांच्या डेटा कायद्यात हा हक्क सतराव्या कलमात आला. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात फरगॉटन हा शब्द घेतलेला नाही, इरेजर आहे, म्हणजे पुसून टाकणं. मला तो शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. माणसांनी विसरावं असा हुकूम कुठलंही कोर्ट देऊ शकत नाही, नोंद काढा एवढंच सांगू शकतं.

मेलबर्नची_माय

इथे ऑस्ट्रेलियात २५ एप्रिलला अँझॅक डे, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस असतो, पहाटेच्या अंधारात युद्धस्मारकापाशी लोक जमतात. शेवटी सगळे एका आवाजात म्हणतात ‘लेस्ट वी फरगेट’. लेकीच्या शाळेतही म्हणून घेतात. मला आधी वाटायचं लेस्ट म्हणजे लेट अस चं काहीतरी, म्हणजे चला विसरूया! उलटंच. लेस्ट म्हणजे ‘न जाणो’, ‘असं होऊ नये म्हणून’. आपण विसरून जाऊ नये म्हणून, असा अर्थ. या दिवसामागे पहिल्या महायुद्धातली तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीची लढाई आहे, तिथे १९१५ मध्ये भारतीय सैनिकही लढले होते, शीख होते, गुरखे होते, खेचरांच्या तुकड्या घेऊन दारूगोळा आणि पाणी वाहणारे होते. लेकीने ते वर्गात सांगितलं तेव्हा बाईंनी तिला नीट पूर्ण बोलू दिलं, मला फार बरं वाटलं. मास्तरीणबाई, तुमच्या वर्गात लेस्ट सांगायचा असेल तर हे उदाहरण नक्की घ्या.

चकलीप्रेमी

मुलगा सातवीत, सेमी इंग्लिश. त्याच्या वहीत फरगेटिंगला दोन टी केले म्हणून बरोबर आणि व्हिजिटिंगला दोन टी केले म्हणून चूक. तो विचारतो असं का. मलाही माहीत नाही. कुणी सांगेल का?

मास्तरीणबाई

@चकलीप्रेमी, त्याला दोन्ही शब्द मोठ्याने म्हणायला सांगा. फरगेटमध्ये जोर शेवटच्या गेटवर येतो, म्हणून पुढे इंग किंवा एबल आलं की टी डबल, फरगेटिंग, फरगेटेबल. व्हिजिटमध्ये जोर पहिल्या व्हि वर, म्हणून टी एकच. आणि फरगेटफुलमध्ये पुढे एफ आलाय, स्वर नाही, म्हणून तिथेही एकच टी. बिगिनिंग, रिफरिंग यांना हेच लागू होतं. मुलगा विचारतोय हे फार छान आहे, त्याला शाबासकी द्या माझ्याकडून.

याच जोराचा उच्चारासाठीही फायदा. पहिलं अक्षर फॉर असं ठासून म्हणायचं नाही, फ वरून हलकेच जायचं आणि गेट वर उतरायचं.

कृष्णाकाठ

जाता जाता, ‘मला आठवण कर’ ला काय? टीममधला एकजण ‘प्लीज रिमेंबर मी टू सेंड द फाइल’ लिहितो.

मास्तरीणबाई

रिमाइंड मी. दुसऱ्याने आपल्याला आठवण करून द्यायची असेल तर रिमाइंड, आपण स्वतः लक्षात ठेवायचं असेल तर रिमेंबर. आणि ‘रिमेंबर मी टू युअर मदर’ असं खरंच म्हणतात, जरा जुन्या पद्धतीचं आहे, पण त्याचा अर्थ ‘आईंना माझा नमस्कार सांगा’. मराठीत दोन्हीकडे आठवणच येते म्हणून गोंधळ होतो. त्याला सांगा, रिमाइंड मी टू सेंड द फाइल. नाहीतर सरळ ‘डोन्ट लेट मी फरगेट टू सेंड द फाइल’, हेही मस्त वाक्य आहे आणि यात टू आहे कारण फाइल अजून पाठवायची आहे.